झाकली मूठ

गेल्या आठवड्यात पासपोर्ट रिन्यू करायला काढला तर कव्हरच्या आतल्या कप्प्यातून पाच डॉलरची एक नोट पडली. चार घड्या घातलेली, घामानं मऊ पडलेली, एक कोपरा जरासा फाटलेला. नवरा म्हणाला, अगं कधीपासून पडून आहे ही, बदलून टाकू या की. मी म्हटलं राहू दे. त्याला वाटलं आठवण म्हणून ठेवलीये. आठवण आहेच, पण कौतुकानं काढून दाखवावी अशी नाहीये. पायात काटा मोडून आत राहिला की एरवी चालताना काही होत नाही, पण एखादं पाऊल नेमकं तिथंच पडलं की कळ येते ना, तशातली आहे.

नोट अमेरिकेची असली तरी गोष्ट झिम्बाब्वेची. सोलर पंपांच्या कामासाठी कंपनीनं मला तीन आठवडे हरारेला पाठवलं होतं, जुलैमध्ये. निघताना इथं जो तो सांगत होता की सुती कपडे घे, आफ्रिका आहे, आणि तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. पहिल्या रात्री गेस्ट हाउसमध्ये दोन ब्लँकेटं घेऊन, पायमोजे घालून, वर ओढणी कानाला गुंडाळून झोपले. (ओढणीचा एवढा उपयोग भारतात कधी झाला नव्हता.) तर शेवटच्या शनिवारी सुट्टी मिळाली आणि तिथला आमचा फील्ड इंजिनिअर म्हणाला, ज्या दगडांवरून देशाला नाव पडलं ते न बघता तू परत जाणार असशील तर तुला व्हिसाच द्यायला नको होता. वर म्हणाला, माझी आत्या तिकडंच राहते, जेवायला तिच्याकडे जाऊ.

पहाटे चारला निघालो. हरारे ते मास्विंगो तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर, ग्रेट झिम्बाब्वे, म्हणजे ते दगडी अवशेष, तिथून पुढे अर्धा तास. उजाडेपर्यंत टोलनाके आणि ट्रकचे दिवे सोडून काही दिसलं नाही. मग एकदम दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं गवत आणि त्यात मधेच ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या गोल धोंड्यांचे ढीग, कुणी राक्षसांच्या पोरांनी लगोरी लावून खेळ अर्धवट टाकून जेवायला निघून जावं तसे. चिव्हूला चहाला थांबलो तेव्हा मी त्याला विचारलं, ऑफिसातले म्हातारे लोक तुला नावानं न बोलावता म्होफू का म्हणतात? म्होफू म्हणजे एलांड, हरणांतलं ते बैलाएवढं असतं ते. तो म्हणाला, ते माझं मुतुपो आहे. कुळाचा प्राणी. आम्ही एलांडचं मांस खात नाही, म्होफू मुलीशी लग्न करत नाही, आणि आदरानं हाक मारायची तर नावानं नाही, मुतुपोनं मारतात. मी म्हटलं थांब थांब, हे तर आमचं देवक! माझ्या माहेरचं देवक कळंब, घरात कुणी कळंबाची फांदी तोडत नाही आणि लग्न जमवताना आधी समोरच्यांचं देवक विचारतात. तो इतका खूश झाला की पुढची शंभर किलोमीटर मला मिस कळंब म्हणत होता.

त्यानं वाटेत मास्विंगोच्या सुपरमार्केटमधून साखर, तेल, ब्रेड, कपड्यांचा साबण आणि माझोए ऑरेंज क्रशची बाटली घेतली. गावाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही. मी पैसे द्यायला गेले तर म्हणाला, तू तुझं आणलंयस ना. मी चिवड्याचं एक पाकीट आणलं होतं, शेवटचं उरलेलं.

आता त्या दगडांबद्दल. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण फोटोत त्यांची शांतता येत नाही. खालचं मोठं वर्तुळाकार आवार, त्याची बाहेरची भिंत अडीचशे मीटरच्या आसपास लांब आणि काही ठिकाणी अकरा मीटर उंच, आणि कुठंही चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. इथला ग्रॅनाइट दिवसाच्या उन्हानं आणि रात्रीच्या गारठ्यानं आपोआप पापुद्र्यासारखा सुटतो, त्याच्या लाद्या फोडून विटेसारखे तुकडे करायचे आणि रचत जायचं. माझं आजोळ रेवदंड्याचं. तिथं वाडीभोवती आजोबांचा गडगा होता, तोही असाच बिनचुन्याचा, आणि दर पावसाळ्यात कुठंतरी ढासळायचा, मग गणपतीच्या आधी आजोबा एका माणसाला घेऊन तो परत रचायचे आणि एकेक दगड हातात फिरवून फिरवून त्याची जागा शोधायचे. तेवढ्या कंबरभर गडग्याची ही कथा. आणि ही भिंत सहा-सातशे वर्षं उभी आहे. मी तिला हात लावला, सकाळच्या उन्हात एक बाजू कोमट होती, सावलीतली बाजू बर्फासारखी गार. दोन भिंतींमधून एक चिंचोळी वाट जाते, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी, वर आकाशाची पट्टी आणि पुढच्याच्या चपलांचा आवाज. ती संपते तिथं तो शंकूसारखा बुरूज, नऊ-दहा मीटर उंच आणि आतून पूर्ण भरीव. आत खजिना असेल म्हणून लोकांनी खालून उकरून बघितलं, आत फक्त दगड.

गाइड बाई मस्त होत्या, काळा कोट, डोक्याला लोकरीची टोपी. त्यांनी माउखची गोष्ट सांगितली. १८७१ साली कार्ल माउख नावाचा जर्मन इथं पोचला. हे इथल्या काळ्या लोकांच्या पूर्वजांनी बांधलं असेल हे त्याच्या डोक्यातच शिरेना. मग त्यानं दाराच्या तुळईचा एक कपचा काढला, आपल्या खिशातल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिला, रंग-वास सारखा वाटला. पेन्सिल देवदाराची, म्हणजे तुळई देवदाराची, म्हणजे लाकूड लेबनॉनचं, म्हणजे हा शेबाच्या राणीचा महाल! एका पेन्सिलीवरून थेट बायबलपर्यंत. लाकूड अर्थातच तिथल्याच झाडाचं होतं. पुढे इथं सेसिल ऱ्होड्स या इंग्रज भांडवलदाराच्या कंपनीचं राज्य आलं, तेव्हा तर हॉल नावाच्या माणसानं वरचे मातीचे थर हा नंतरच्या लोकांचा कचरा म्हणून काढून फेकले, म्हणजे बांधणाऱ्यांचाच पुरावा उपसून टाकला. १९०५ साली रँडल-मॅकायव्हरनं आणि १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन बाईंनी स्पष्ट सांगितलं की हे काम आफ्रिकन लोकांचंच आहे, तरी ऱ्होडेशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या झिम्बाब्वेच्या, गोऱ्या सरकारला ते पुस्तकांत छापलेलं चालत नव्हतं. देश स्वतंत्र व्हायला १९८० उजाडलं. पेन्सिलीच्या गोष्टीला सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले, हे मला स्पष्ट आठवतंय.

तिथंच त्या म्हणाल्या, उत्खननात इथं चिनी भांड्यांचे तुकडे सापडलेत, इराणी वाडगे, आणि तुमच्या भारतातले काचेचे मणी. सोनं आणि हस्तिदंत इथून किनाऱ्याला जायचं, तिथून अरबांच्या गलबतांनी समुद्रापार. आणि मला एकदम आजीची काडेपेटी आठवली. रेवदंडा-चौलच्या वाड्यांमध्ये पहिला मोठा पाऊस पडून गेला की माती धुपून मणी वर यायचे, मोहरीपेक्षा थोडे मोठे, लाल, निळे, एखादा पिवळा. आम्ही पोरं ते वेचून काडेपेटीत ठेवायचो. चौल हे केवढं मोठं बंदर होतं हे तेव्हा कुठं माहीत, आम्हाला वाटायचं कुणा बाईचं मंगळसूत्र तुटलं असेल. तिथल्या दगडावर बसून मी विचार करत होते की त्यातलाच एखादा भाऊबंद इथंवर आला असेल का. आला नसेलही. पण मला तो आलेला आवडेल.

म्युझियममध्ये ते प्रसिद्ध दगडी पक्षी आहेत, झेंड्यावरचे. एक ऱ्होड्सनं आपल्या केपटाउनच्या घरात नेऊन ठेवला होता, बाकीचेही इकडेतिकडे गेले, आणि १९८१ साली दक्षिण आफ्रिकेनं त्यातले काही परत दिले ते बदल्यात मधमाश्या-गांधीलमाश्यांचा एक मोठा संग्रह घेऊन. देवाच्या बदल्यात गांधीलमाश्या! बाहेर विकायला तसेच छोटे पक्षी होते, शंखजिऱ्याचे. विकणाऱ्यानं वीस सांगितले, मी पाठ फिरवली, पंधरा, दहा, शेवटी आठला घेतला. दहाची नोट दिली तर सुटे नाहीत म्हणून एक डॉलर आणि दोन चॉकलेटं हातात ठेवली. तिकडे हे नेहमीचंच, सुटे डॉलर मिळत नाहीत आणि जरा फाटलेली नोट असली तर कुणी घेत नाही. पण सकाळपासून टोल, पार्किंग, तिकीट, गाइड, पक्षी, सगळीकडे पाकीट उघड-बंद करून माझ्या डोक्यात तेवढंच सुरू झालं होतं, आता हा किती मागेल.

हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. म्हणजे, सांगतेच आहे.

आत्याचं घर डांबरी रस्त्यापासून दीड-एक किलोमीटर आत. मध्ये वाळूचा कोरडा ओढा, गाडी जात नाही, म्हणून ती रस्त्यावरच्या एका दुकानापुढे लावून सामान हातात घेऊन चालत गेलो. आत्याला तिथल्या शोना भाषेत वातेते म्हणतात, बापाची बहीण, आणि तिचा मान आपल्याकडच्या आत्यापेक्षा काकणभर जास्तच, भाच्यांची लग्नं तिच्याशिवाय ठरत नाहीत. म्होफू कुळातल्या बायकांना चिहेरा म्हणतात आणि चिहेरा म्हणजे कुणाचं न ऐकणाऱ्या, अशी सगळ्या देशात ख्याती आहे म्हणे. अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं भाच्याला काहीतरी जोरात सुनावलं, त्यानं मान खाली घातली. मी विचारलं काय म्हणाली. म्हणाला, पाहुणीला एवढ्या दूर चालवलंस, तुझी गाडी काय शोभेला आहे का.

मग आम्ही बसलो, आणि बसल्यावरच नमस्कार. उभ्याउभ्या हाय-हॅलो नाही. तो टाळ्या वाजवतो तळवे सरळ जुळवून, ती वाजवते ओंजळ आडवी धरून, तिचा आवाज खोल, पोकळ येतो. मास्वेरा सेइ, दिवस कसा गेला. त्यावर उत्तर, न्दास्वेरा काना मास्वेरावो. तुमचा बरा गेला असेल तर माझाही बरा गेला. सकाळी झोपेबद्दलही असंच, तुम्ही झोपला असाल तर मी झोपले. मला हे इतकं आवडलं की मी तीनदा म्हणून घेतलं आणि तीनदा चुकले, दारात उभी असलेली पोरं खिदळत होती.

स्वयंपाकाची झोपडी गोल, वर गवताचं छप्पर, मधोमध चूल, आणि जमीन शेणानं सारवलेली. त्या वासानं मी क्षणभर कुठं आहे तेच विसरले. दारासमोर मातीचा कट्टा, त्यावर ताटल्या आणि मडकी ओळीनं मांडलेली, तो चिकुवा, तिथं पूर्वजांचा वास असतो, उगाच हात लावायचा नाही. पुरुष उजवीकडच्या बाकावर, बायका डावीकडे चटईवर. मला खुर्ची आणली होती, मी चटईवर बसले, आत्यानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि खुर्ची परत पाठवली. एका मुलीनं गुडघ्यावर बसून कोमट पाणी हातावर घातलं. साद्झा आला, मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणा हवं तर, उजव्या हातानं लचका तोडून तळव्यात वळायचा आणि कालवणात बुडवायचा. कोंबडी होती, मोकाट फिरणारी, तिला तिकडे रोडरनर म्हणतात. आपली गावरान. माझ्यासाठी सकाळी कापलेली. आणि दिवस शनिवार! आमच्या घरी शनिवारी अंडंसुद्धा फुटत नाही, पण तिच्यासमोर मारुतीची गोष्ट कुठून सुरू करणार. खाल्ली. चांगली चिवट, चवीची होती.

पण मला गाठलं ते पालेभाजीनं. हिरवी पानं बारीक चिरून शिजवलेली, आणि त्यात दाण्याचं कूट. कूट म्हणजे ते दोवी म्हणतात, भाजून दगडावर वाटून लोण्यासारखं केलेलं, पण चव तीच हो, आईच्या चाकवताची. मी त्याला म्हटलं तिला सांग, आम्ही पण असंच करतो. ती म्हणाली मग काय घालणार दुसरं? मग मी चिवडा काढला. तिनं मूठभर हातात घेऊन आधी निरखला, त्यातला एक दाणा बोटात धरून वर केला आणि सगळ्यांना दाखवला, बघा, न्झुंगू! पोह्यांबद्दल तिचं मत फारसं बरं झालं नाही. नंतर तिनं प्यायला माहेवू दिलं, आंबवलेलं, नाचणीचं पीठ घातलेलं, म्हणजे सरळ सरळ आंबील. नाचणी मुळात आफ्रिकेतलीच, हजारो वर्षांपूर्वी कधीतरी तिकडून आपल्याकडे आली, हे मला आपलं वाचून माहीत होतं, पण ॲल्युमिनियमच्या मगातून ते आंबूस पाणी घशाखाली उतरलं तेव्हा, कसं सांगू, उसनं नेलेलं भांडं ज्याचं त्याच्या घरी बघितल्यासारखं वाटलं.

साडेतीनला निरोप आला की गाडीच्या मागच्या चाकात हवा नाही. म्होफू पुढे पळाला, म्हणाला तू सावकाश ये, वातेते तुला पोचवेल.

आणि इथून ती नोट सुरू होते. आत्याला इंग्रजी दोन-चार शब्द, माझी शोना म्हणजे ते एक वाक्य, तेही चुकीचं. मी अंगणातच हात जोडले, ताटेंडा म्हटलं, तरी ती पदर आवळल्यासारखं कमरेचं कापड आवळून माझ्याबरोबर निघाली. कुंपणापर्यंत येईल असं वाटलं. कुंपण गेलं. गुरांच्या गोठ्यापर्यंत असेल. तोही गेला. काखेत एक पिशवी होती, त्यावर हात ठेवलेला. आणि माझ्या डोक्यात ते सकाळचं चक्र परत सुरू, ही एवढी लांब का येतीये. वाटेत कपडे वाळत घालायच्या निमित्तानं कुणी बाई तिच्याशी काही बोलली, दोघी माझ्याकडे बघून हसल्या, मला वाटलं झालं, आता रस्त्यावर पोचलं की मागणार. मागितल्यावर पर्स उघडली तर आतल्या सगळ्या नोटा दिसणार. म्हणून ओढ्याच्या अलीकडे, ती चपलेतली वाळू झाडत होती तेव्हा, मी पर्समध्ये हात घालून चाचपून एक पाचची नोट काढली, चार घड्या घातल्या आणि उजव्या मुठीत धरून ठेवली. म्हणजे मागितलं की पटकन देऊन मोकळं. दहा काढावी का असाही विचार केला. मग कोंबडी, पालेभाजी, माहेवू असा हिशोब केला, आणि हो, पाचच ठीक वाटले.

ती काहीच बोलत नव्हती. मध्ये एकदा एका झाडाकडे बोट दाखवून नाव सांगितलं, मी मान हलवली. तिचा श्वास थोडा लागत होता.

डांबरी रस्ता आला, लांबवर म्होफू चाक फिरवत होता. ती थांबली, गुडघे थोडे वाकवले आणि काखेतली पिशवी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. ब्रेडची प्लॅस्टिकची पिशवी, त्यात सोललेले शेंगदाणे, गच्च भरून, वर गाठ मारलेली. सकाळीच आणलेल्या ब्रेडची पिशवी, ते मला ओळखू आलं. तिकडे दोन्ही हातांनी देतात आणि दोन्ही हातांनी घेतात, घ्यायच्या आधी टाळी वाजवतात. ते मी दुपारभर बघितलं होतं. आणि आपल्याकडे तरी काय वेगळं शिकवतात? पण माझ्या उजव्या मुठीत नोट होती. मूठ उघडली असती तर नोट दिसली असती. मी डाव्या हातानं पिशवी घेतली. एका हातानं, तीही डाव्या. ती क्षणभर तशीच वाकलेली राहिली, मग ओंजळीची ती पोकळ टाळी तिनं एकटीनंच वाजवली आणि वळून ओढ्याकडे चालायला लागली. पाहुण्याला असं वाटेपर्यंत सोबत करणं याला त्यांच्यात कुपेरेकेद्झा म्हणतात, पोचवायला न जाता अंगणातूनच निरोप देणं म्हणजे हाकलून दिल्यासारखं, हे मला म्होफूनं नंतर गाडीत सांगितलं. मी म्हटलं हो का.

रेवदंड्याची आजी अशीच एसटी स्टँडपर्यंत यायची. आईनं कितीही सांगितलं तरी, उन्हात, छत्री घेऊन, सोलांची पुडी आईच्या पिशवीत कोंबून. आणि एसटी हलायच्या आधी खिडकीतून माझी मूठ धरून त्यात घडी घातलेली दोनची नोट दाबायची, बंद कर, कुणाला दाखवू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायची. आता आमच्याकडे पाहुणे निघाले की मी लिफ्टचं बटण दाबते, लिफ्ट आली की हात हलवते आणि दार लावून घेते, सिरियल पॉजवर असते.

कधी कधी मी स्वतःची बाजूही घेते. एकटी बाई, अनोळखी देश, सावध राहायला आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, आणि त्याचा फायदाही झालाय. कधी वाटतं, नोट देऊन टाकली असती तर काय बिघडलं असतं, पाच डॉलरला तिकडे तेल-साखर येते. मग वाटतं की पिशवीवर पैसे ठेवले असते तर ते आणखीनच वाईट दिसलं असतं. नीट ठरत नाही. शेंगदाणे मात्र आम्ही हरारेपर्यंत गाडीत खाल्ले, कच्चेच, ताजे, दुधाळ, दाण्यांची सालं वाऱ्यानं उडून सगळ्या सीटवर.

मंगळवारी म्होफू मला विमानतळावर सोडायला आला. बॅग उतरवता उतरवता म्हणाला, अगं, वातेतेचा फोन आला होता, तुझी चौकशी करत होती. म्हणाली, त्या पाहुणीचा उजवा हात दुखत होता का, ओढ्यापासून मूठ आवळून धरली होती, पिशवी घेतानासुद्धा उघडता आली नाही बिचारीला.

मी म्हटलं, हो. थोडा दुखत होता.

त्यानं तिथंच फोन लावून तिला सांगितलं. पलीकडून ती बराच वेळ बोलली. मग तो म्हणाला, रात्री झोपताना मिठाच्या गरम पाण्यात बुडवून ठेव, म्हणते.